‘सर्व्हायव्हल हॉरर’ व्हिडिओ खेळांची लोकमान्यता आणि प्रभाव : एक ऐतिहासिक अभ्यास (१९८९ ते २०२४)

१. प्रस्तावना

व्हिडिओ खेळ हा विषय आपल्या विद्याक्षेत्रात बहुधा मुलांच्या सवयी, त्यांचे आरोग्य किंवा अभ्यासावर होणारा परिणाम या अंगाने चर्चेला येतो. एक कलाप्रकार म्हणून या खेळांना स्वतःचा इतिहास आहे, त्यात परंपरा आणि बंडखोरी आहे, उत्कर्ष आणि ऱ्हास आहे, ही बाजू त्यामानाने दुर्लक्षित राहते. चित्रपट किंवा कादंबरी यांच्या एखाद्या उपप्रकाराचा उदय जसा तपासता येतो, तसाच व्हिडिओ खेळांच्या उपप्रकारांचाही तपासता येतो.

प्रस्तुत निबंधात ‘सर्व्हायव्हल हॉरर’ या प्रकाराचा असा आढावा घेतला आहे. या संज्ञेचा मराठीत अर्थ सांगायचा तर ‘भीषण परिस्थितीत जीव वाचवून तग धरण्याचा खेळ’ असा सांगता येईल. मराठी वाचकांतही मूळ इंग्रजी संज्ञा रूढ असल्याने येथे तीच वापरली आहे. या प्रकारासंबंधी एक प्रश्न मूलभूत महत्त्वाचा आहे. बहुतेक लोकप्रिय व्हिडिओ खेळ खेळणाऱ्याला सामर्थ्याचा अनुभव देतात. सर्व्हायव्हल हॉरर त्याला दुर्बल करतो, त्याच्या हातातील साधने काढून घेतो आणि त्याला अंधारात एकटा सोडतो. असा प्रकार कोट्यवधी लोकांच्या पसंतीस कसा उतरला आणि त्या पसंतीने त्या प्रकाराचे काय केले, या दोन प्रश्नांचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. संकल्पना आणि लक्षणे

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानक रसाचा समावेश असून भय हा त्याचा स्थायीभाव मानला आहे. नाटक किंवा चित्रपट पाहणारा प्रेक्षक रंगमंचावरील पात्राच्या भयाचा आस्वाद सुरक्षित अंतरावरून घेतो. व्हिडिओ खेळात हे अंतर कमी होते. दार उघडायचे की नाही, गोळी झाडायची की पळ काढायचा, हा निर्णय खेळाडूलाच घ्यावा लागतो. चुकीचे फळही त्यालाच भोगावे लागते. चित्रपटातील नायिका तळघरात उतरते तेव्हा प्रेक्षक मनातल्या मनात तिला अडवू पाहतो. खेळात मात्र खेळाडूने पाऊल टाकल्याखेरीज कथा पुढे सरकतच नाही.

या प्रकाराची ढोबळ लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतात. शस्त्रे, गोळ्या, औषधे यांचा पुरवठा तुटपुंजा असतो. जवळ बाळगता येणाऱ्या वस्तूंच्या संख्येवर मर्यादा असते. शत्रूला मारण्यापेक्षा टाळणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. स्थळ बंदिस्त असते आणि कुलपे, किल्ल्या, कोडी यांच्या साहाय्याने ते हळूहळू उलगडत जाते. कथा बहुधा मागे राहिलेल्या रोजनिशा, पत्रे व अहवाल यांमधून कळते. या सर्व लक्षणांच्या मुळाशी तुटवडा हे एकच तत्त्व आहे. साधनांचा, प्रकाशाचा, माहितीचा आणि अवकाशाचा तुटवडा हाच येथे भयाचा आधार असतो.

३. पूर्वपीठिका (१९८२ ते १९९५)

भयप्रधान व्हिडिओ खेळांचे प्रयत्न यंत्रे अगदी बाल्यावस्थेत असतानाच झाले होते. १९८२ मध्ये अटारी २६०० या यंत्रासाठी आलेल्या ‘हॉन्टेड हाउस’ या खेळात खेळाडूचे पात्र म्हणजे काळ्या पडद्यावरील केवळ डोळ्यांची एक जोडी होती. काडी पेटवली की भोवतालचा थोडासा भाग दिसे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’ हा माल्कम इव्हान्स यांचा खेळ आला. चक्रव्यूहात अडकलेल्या खेळाडूच्या मागे डायनोसॉर लागतो, एवढाच त्याचा विषय होता. यंत्राची चित्रण-क्षमता अत्यल्प असल्याने उरलेले चित्र खेळाडूच्या कल्पनेला पूर्ण करावे लागे.

या प्रकाराची खरी पायाभरणी जपानमध्ये झाली. कॅपकॉम या कंपनीने १९८९ मध्ये फॅमिकॉम यंत्रासाठी ‘स्वीट होम’ हा खेळ प्रकाशित केला. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या व त्याच वर्षीच्या चित्रपटावर तो आधारित होता आणि तोकुरो फुजिवारा यांनी त्याचे दिग्दर्शन केले होते. एका ओसाड वाड्यात शिरलेली पाच माणसे, त्यांच्यापैकी कोणी मेला तर तो कायमचा गेला असा कठोर नियम, वस्तू बाळगण्यावरील मर्यादा, दार उघडतानाचे चलचित्र आणि जागोजागी सापडणाऱ्या चिठ्ठ्या, ही पुढील काळात रूढ झालेली बरीच वैशिष्ट्ये या खेळात होती. जपानबाहेर मात्र हा खेळ अधिकृतपणे कधीच प्रकाशित झाला नाही. त्यामुळे त्याचा प्रभाव त्याच्या वंशजांमार्फतच जगाला कळला.

दुसरा प्रवाह फ्रान्समधून आला. इन्फोग्रेम्स या कंपनीसाठी फ्रेडरिक रेनाल यांनी केलेला ‘अलोन इन द डार्क’ हा खेळ १९९२ मध्ये संगणकांवर आला. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या एका वाड्यात ही कथा घडते आणि तिच्यावर एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथाविश्वाची छाया आहे. त्या काळचे संगणक संपूर्ण त्रिमितीय दृश्य सहज उभे करू शकत नव्हते. म्हणून पात्रे तेवढी बहुभुजांची, त्रिमितीय ठेवून पार्श्वभूमी सपाट चित्रांची करण्यात आली. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेऱ्याचा कोन ठरलेला असल्याने कोपऱ्यापलीकडे काय आहे हे खेळाडूला दिसत नसे. तांत्रिक अडचणीतून काढलेली ही वाट पुढे भयनिर्मितीचे प्रमुख साधन ठरली. १९९५ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘क्लॉक टॉवर’ या खेळाने आणखी एक पाऊल टाकले. त्यातील मुलीकडे लढण्याचे साधन जवळपास नव्हतेच. मोठी कात्री घेऊन मागे लागलेल्या मारेकऱ्यापासून लपणे व पळणे हाच तिचा मार्ग होता.

४. १९९६ : संज्ञेचा आणि बाजारपेठेचा जन्म

‘स्वीट होम’मध्ये तंत्राअभावी जे साधता आले नाही ते नव्या यंत्रावर साधावे, या विचारातून फुजिवारा यांनी शिंजी मिकामी या तरुण दिग्दर्शकाकडे नव्या खेळाचे काम सोपवले. या प्रयत्नातून तयार झालेला ‘बायोहझार्ड’ हा खेळ २२ मार्च १९९६ रोजी सोनीच्या प्लेस्टेशनसाठी जपानमध्ये प्रकाशित झाला. अमेरिकेत या नावाची नोंदणी करण्यात अडचण असल्याने तेथे व युरोपात त्याला ‘रेसिडेंट ईव्हिल’ हे नाव मिळाले. याच खेळाने ‘सर्व्हायव्हल हॉरर’ ही संज्ञा प्रचारात आणली. खेळ सुरू होताना सर्व्हायव्हल हॉररच्या जगात खेळाडूचे स्वागत करणारे वाक्य पडद्यावर येत असे.

प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट होती. मिकामी यांनी प्रारंभी प्रथमपुरुषी दृश्याचा विचार केला होता. पुढे तो सोडून ‘अलोन इन द डार्क’प्रमाणे आधी तयार केलेली पार्श्वचित्रे आणि स्थिर कॅमेरे स्वीकारण्यात आले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना तबकडीवरील माहिती वाचण्यास यंत्राला वेळ लागे. तो वेळ झाकण्यासाठी संथपणे उघडणाऱ्या दाराचे दृश्य योजले गेले आणि तेच क्षण खेळाडूच्या काळजाचा ठोका चुकवू लागले. प्रगती जतन करण्यासाठी टंकलेखन यंत्राजवळ जावे लागे व त्यासाठी लागणाऱ्या शाईच्या फिती मोजक्याच असत. ख्रिस या पात्राला सहा वस्तू बाळगता येत, तर जिलला आठ. गोळ्या वाया घालवणारा खेळाडू पुढे हमखास अडचणीत येई.

हा खेळ याच सुमारास मुख्य प्रवाहात का आला, याची कारणे खेळाबाहेरही शोधावी लागतात. पहिले कारण माध्यमाचे होय. सीडीमुळे चित्र, ध्वनी व संवाद यांना मोठी जागा मिळाली. दुसरे कारण वयोगटाचे होय. १९८०च्या दशकात व्हिडिओ खेळ खेळलेली मुले आता तरुण झाली होती आणि सोनीने प्लेस्टेशनची जाहिरात याच वर्गाला समोर ठेवून केली. तिसरे कारण नियमनाचे होय. व्हिडिओ खेळांतील हिंसेविषयी अमेरिकी सिनेटमध्ये डिसेंबर १९९३ मध्ये सुनावण्या झाल्या. त्यानंतर १९९४ मध्ये उद्योगाने वयानुसार वर्गीकरण करणारे स्वतःचे मंडळ स्थापन केले. निर्बंधाच्या भीतीतून आलेल्या या व्यवस्थेने प्रौढांसाठीच्या खेळांना एक मान्य चौकटही मिळवून दिली.

मूळ प्लेस्टेशन आवृत्तीच्या २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. हिदेकी कामिया यांनी दिग्दर्शित केलेला दुसरा भाग १९९८ मध्ये आला आणि त्याचा खप प्लेस्टेशनवर ५० लाखांच्या जवळ गेला. वाड्याची कथा आता संपूर्ण शहराची झाली. अंब्रेला नावाच्या औषधनिर्मात्या कंपनीच्या प्रयोगांतून सुटलेला विषाणू शहर उद्ध्वस्त करतो, हे या मालिकेचे कथासूत्र होते. भूतप्रेतांऐवजी नफेखोर कंपनी व बेजबाबदार विज्ञान यांना अनर्थाचे मूळ मानणारे हे सूत्र शतकाअखेरच्या वाचक-प्रेक्षकांना पटण्याजोगे होते.

५. धुके आणि मन : जपानी भयखेळांचा बहर (१९९९ ते २००३)

‘रेसिडेंट ईव्हिल’च्या यशानंतर कोनामी कंपनीने १९९९ मध्ये ‘सायलेंट हिल’ हा खेळ आणला. केइचिरो तोयामा त्याचे दिग्दर्शक होते, तर संगीत अकिरा यामाओका यांचे होते. यातील नायक प्रशिक्षित सैनिक किंवा पोलीस नसून हरवलेल्या मुलीला शोधणारा एक सामान्य लेखक आहे. त्याचा नेम चुकतो, धावताना त्याला धाप लागते.

या खेळात कॅमेरा स्थिर पार्श्वचित्रांवर अवलंबून नव्हता. संपूर्ण गाव त्रिमितीय होते आणि इतक्या दूरवरचे दृश्य उभे करणे प्लेस्टेशनच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून सगळे गाव दाट धुक्यात आणि अंधारात बुडवण्यात आले. शत्रू जवळ आला की खिशातील रेडिओ खरखरू लागे, परंतु तो नेमका कोठे आहे हे दिसत नसे. यंत्राची उणीव झाकणारे हे धुके त्या गावाची ओळखच बनले. पुढे यंत्रे कितीतरी समर्थ झाली, तरी ‘सायलेंट हिल’मधून धुके गेले नाही.

२००१ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आलेल्या ‘सायलेंट हिल २’ने या प्रकाराची साहित्यिक शक्यता दाखवून दिली. मृत पत्नीचे पत्र आल्यामुळे नायक त्या गावात येतो आणि तेथील राक्षस हळूहळू त्याच्याच अपराधभावनेची रूपे म्हणून उलगडत जातात. मासाहिरो इतो यांनी घडवलेल्या आकृत्या केवळ किळस आणण्यासाठी योजलेल्या नव्हत्या. प्रत्येकीला नायकाच्या मनात एक स्थान होते. खेळाचा शेवटही खेळाडूच्या वर्तनानुसार बदलत असे.

हा काळ जपानी भयपटांच्या जागतिक प्रसाराचाही होता. हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगु’ १९९८ मध्ये आला होता. त्या वातावरणात टेक्मो कंपनीने २००१ मध्ये आणलेल्या, पुढे ‘फेटल फ्रेम’ नावाने परिचित झालेल्या खेळात नायिकेच्या हाती बंदुकीऐवजी छायाचित्रणाचा कॅमेरा दिला. पिशाच्च जितके जवळ येऊ द्यावे तितके छायाचित्र प्रभावी ठरे. ज्यापासून पळावेसे वाटते त्याच्याकडेच टक लावून पाहण्याची सक्ती या रचनेत होती. तोयामा यांच्या २००३ मधील ‘सायरन’मध्ये शत्रूच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहण्याची सोय होती. जपानी निर्मात्यांनी अशा रीतीने पाहणे या साध्या क्रियेतूनच भयाची अनेक रूपे निर्माण केली.

६. लोकमान्यतेची किंमत (२००५ ते २०१२)

जानेवारी २००५ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ प्रकाशित झाला. या खेळाच्या जडणघडणीत अनेक आराखडे टाकून द्यावे लागले. त्यांपैकी एक इतका वेगळा झाला की २००१ मध्ये तो ‘डेव्हिल मे क्राय’ या स्वतंत्र खेळाच्या रूपाने बाहेर आला. अंतिम रूपात मिकामी यांनी स्थिर कॅमेरे सोडले आणि कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला. त्यामुळे नेम धरणे सोपे व रोमांचक झाले. गोळ्यांची चणचण कमी झाली आणि शत्रूंची संख्या वाढली. ‘गिअर्स ऑफ वॉर’ (२००६) आणि ‘डेड स्पेस’ (२००८) यांच्या निर्मात्यांनी या खेळाचे ऋण मान्य केले आहे. आज बहुसंख्य साहसप्रधान खेळांत दिसणारी खांद्यामागील दृष्टी रूढ करण्यात या खेळाचा वाटा मोठा आहे. एका उपप्रकाराने संपूर्ण माध्यमाच्या दृश्यभाषेवर परिणाम केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

तथापि या यशात प्रकाराच्या ऱ्हासाचे बीजही होते. २००९ मधील पाचव्या भागात दोन खेळाडूंनी मिळून लढण्याची सोय आली आणि एकटेपणाचे भय ओसरले. खप मात्र वाढला. याच खेळावर वंशविषयक टीका झाली. आफ्रिकेतील एका काल्पनिक प्रदेशात गौरवर्णीय नायक कृष्णवर्णीय जमावावर गोळ्या झाडतो, या दृश्यांनी वसाहतकालीन प्रतिमांची आठवण करून दिली. प्रकाशनापूर्वीच, जाहिरातपटापासून ही चर्चा सुरू झाली होती. मुख्य प्रवाहात आलेल्या खेळाला जगभरच्या प्रेक्षकांना उत्तर द्यावे लागते, याची जाणीव या वादाने उद्योगाला करून दिली.

२०१२ मधील सहावा भाग सर्वांनाच खूश करू पाहत होता. भय, युद्ध, पाठलाग, स्फोट असे सर्व काही त्यात होते. कॅपकॉमने प्रारंभी ७० लाख प्रतींच्या खपाची अपेक्षा धरली होती. आर्थिक वर्षाअखेर प्रत्यक्ष खप सुमारे ४९ लाखांवर राहिला. त्याहीपेक्षा टीका अधिक बोलकी होती. मालिकेला तिच्या मूळ स्वभावाचा विसर पडला, असा तिचा सूर होता. ‘डेड स्पेस’ मालिकेचीही वाटचाल २०१३ मधील तिसऱ्या भागापर्यंत अशीच झाली आणि तिची निर्माती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. मोठ्या खर्चाचे खेळ मोठ्या खपावाचून परवडत नाहीत. मोठ्या खपासाठी खेळाडूला समर्थ करावे लागते आणि समर्थ खेळाडूला भय वाटत नाही. या तिढ्यात सर्व्हायव्हल हॉरर त्या काळी अडकला होता.

७. स्वतंत्र निर्माते आणि पाहण्याची संस्कृती (२०१० ते २०१४)

या तिढ्यातून वाट दाखवली ती छोट्या संस्थांनी. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या संस्थेचा ‘अम्नेशिया : द डार्क डिसेंट’ २०१० मध्ये आला. यात खेळाडूकडे शस्त्रच नाही. अंधारात राहिले तर पात्राचे मानसिक संतुलन ढळते आणि उजेडात गेले तर शत्रूला दिसण्याचा धोका असतो. २०१२ मधील ‘स्लेंडर : द एट पेजेस’ या विनामूल्य खेळात अंधाऱ्या रानात आठ कागद शोधणे एवढेच काम होते. कॅनडातील रेड बॅरल्स या संस्थेच्या २०१३ मधील ‘आउटलास्ट’मध्ये पत्रकार नायकाजवळ केवळ रात्री पाहू शकणारा व्हिडिओ कॅमेरा आहे आणि त्याची बॅटरी सतत संपत असते. मोठ्या कंपन्यांनी सोडून दिलेला तुटवडा, स्वतःच तुटपुंज्या साधनांत काम करणाऱ्या निर्मात्यांनी पुन्हा जवळ केला.

या खेळांच्या प्रसाराचे माध्यमही नवे होते. खेळताना स्वतःचा चेहरा व प्रतिक्रिया दाखवणारे व्हिडिओ यूट्यूबवर लोकप्रिय होऊ लागले होते. स्वीडिश तरुण फेलिक्स शेलबर्ग, म्हणजे ‘प्यूडीपाय’, याची आरंभीची कीर्ती ‘अम्नेशिया’ खेळतानाच्या व्हिडिओंवर उभी राहिली. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याची वाहिनी यूट्यूबवर सर्वाधिक वर्गणीदारांची वाहिनी झाली. भीती हा असा भाव आहे की तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहणेही रंजक ठरते. त्यामुळे ज्यांना हे खेळ खेळण्याचे धाडस होत नव्हते, असा मोठा वर्गही त्यांचा प्रेक्षक झाला. ज्या रसास्वादातील अंतर व्हिडिओ खेळाने कमी केले होते, ते या नव्या प्रेक्षकवर्गाने पुन्हा प्रस्थापित केले, असे म्हणता येईल.

स्कॉट कॉथन यांनी जवळजवळ एकट्याने केलेला ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ हा ऑगस्ट २०१४ मधील खेळ या प्रक्रियेचे सर्वांत मोठे फलित होय. रात्रपाळीचा पहारेकरी आपल्या खोलीत बसून पाळतीच्या कॅमेऱ्यांतून यांत्रिक बाहुल्यांवर लक्ष ठेवतो आणि वीज मर्यादित असते. खेळाडूला खुर्चीवरून हलताही येत नाही. शाळकरी मुलांपर्यंत पोहोचलेल्या या खेळावर ऑक्टोबर २०२३ मध्ये चित्रपट आला. सुमारे २ कोटी डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने जगभर सुमारे २९ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

८. मुख्य प्रवाहाचे पुनरागमन (२०१७ ते २०२४)

छोट्या निर्मात्यांचा हा धडा मोठ्या कंपन्यांनी गिरवला. जानेवारी २०१७ मधील ‘रेसिडेंट ईव्हिल ७’चे दिग्दर्शन कोशी नाकानिशी यांनी केले. मालिका जागतिक कटकारस्थानांतून बाहेर पडून पुन्हा एका घरात शिरली. लुइझियानातील एक मोडके घर, त्यातील विकृत कुटुंब आणि प्रथमपुरुषी दृष्टी, एवढ्यावर खेळाचा मोठा भाग उभा राहिला. मिकामी यांनी १९९६ पूर्वी सोडून दिलेली प्रथमपुरुषी दृष्टी अशा रीतीने वीस वर्षांनी मालिकेच्या मुख्य धारेत आली. जानेवारी २०१९ मध्ये दुसऱ्या भागाची आणि मार्च २०२३ मध्ये चौथ्या भागाची पुनर्निर्मिती झाली. सातवा भाग आणि दुसऱ्या भागाची पुनर्निर्मिती या दोहोंचा खप पुढे प्रत्येकी १ कोटीच्या वर गेला. संपूर्ण मालिकेच्या खपाने १० कोटींचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलंडमधील ब्लूबर टीम या संस्थेने केलेली ‘सायलेंट हिल २’ची पुनर्निर्मिती प्रकाशित झाली आणि काही दिवसांतच तिच्या १० लाख प्रती वितरित झाल्या. अपराधभावनेवरील एक संथ, विषण्ण कथा तेवीस वर्षांनी पुन्हा मोठ्या प्रमाणावर विकली गेली, ही बाब या प्रकाराच्या स्थैर्याची निदर्शक आहे.

९. अन्य माध्यमांवरील प्रभाव

‘झोंबी’ म्हणजे चालत्या-फिरत्या प्रेताच्या कल्पनेला आधुनिक रूप दिले ते जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ व १९७८ मधील चित्रपटांनी. १९९०च्या दशकात ही कल्पना चित्रपटसृष्टीत मागे पडली होती. ‘रेसिडेंट ईव्हिल’ने तिला नवे जीवन दिले. खुद्द रोमेरो यांनी दुसऱ्या भागाच्या जपानी जाहिरातपटाचे दिग्दर्शन केले. ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ (२००२) या ब्रिटिश चित्रपटाचे पटकथाकार ॲलेक्स गार्लंड यांनी आपल्या कथेमागे या खेळाची प्रेरणा असल्याचे सांगितले आहे. ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४) या विनोदी भयपटाचे मूळही एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या १९९९ मधील भागात सापडते. त्यात ‘रेसिडेंट ईव्हिल २’ खेळून भ्रमिष्ट झालेला तरुण दाखवला होता. ‘रेसिडेंट ईव्हिल’ नावाचे सहा इंग्रजी चित्रपट २००२ ते २०१६ या काळात आले व त्यांचे एकत्रित उत्पन्न १२० कोटी डॉलरच्या पुढे गेले. ख्रिस्तोफ गान्स यांनी २००६ मध्ये ‘सायलेंट हिल’ पडद्यावर आणला. सर्व्हायव्हल हॉररची तुटवड्याची रीत साहसकथेत मिसळणारा ‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) जानेवारी २०२३ मध्ये एचबीओची गाजलेली मालिका झाला. खेळांनी चित्रपटांकडून घेतलेले कर्ज अशा रीतीने व्याजासह परत केले.

भारतापुरते बोलायचे तर हा प्रभाव बराचसा अप्रत्यक्ष आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘पबजी मोबाइल’ या खेळात ‘रेसिडेंट ईव्हिल २’शी सहयोग करून रात्रभर झोंबींपासून तग धरण्याचा एक प्रकार समाविष्ट झाला. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी येण्यापूर्वी ‘पबजी’ येथे प्रचंड लोकप्रिय होता. त्यामुळे महागडे यंत्र कधीही न घेतलेल्या अनेक भारतीय तरुणांची या मालिकेतील पात्रांशी ओळख मोबाइलच्या पडद्यावर झाली. चित्रपटात २०१३ मध्ये ‘गो गोवा गॉन’ने झोंबींना गोव्यात आणले, तर जानेवारी २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ने त्यांना डोंबिवलीत आणले. हे चित्रपट व्हिडिओ खेळांवर बेतलेले नाहीत. तथापि झोंबी म्हणजे काय हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज तोवर उरली नव्हती, आणि ही परिचितता निर्माण करण्यात गेल्या पाव शतकातील व्हिडिओ खेळांचा हिस्सा नाकारता येणार नाही.

१०. जतनाचा प्रश्न

एवढ्या व्यापक प्रभावाच्या या प्रकाराची मूळ साधने मात्र नाहीशी होत आहेत. हिदेओ कोजिमा व चित्रपट दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांचा ‘पी. टी.’ हा ऑगस्ट २०१४ मधील छोटा खेळ ‘सायलेंट हिल’च्या नियोजित नव्या भागाची झलक होता. एकच बोळ पुन्हापुन्हा ओलांडण्याची त्याची रचना पुढील अनेक भयखेळांनी अनुसरली. एप्रिल २०१५ मध्ये मूळ प्रकल्प रद्द झाला आणि ‘पी. टी.’ विक्रीमंचावरून काढून टाकण्यात आला. ज्यांच्या यंत्रात तो आधीच उतरवलेला होता त्यांच्यापुरताच तो उरला.

दुसरे उदाहरण २०१२ मधील ‘सायलेंट हिल’च्या सुधारित संग्रहाचे आहे. दुसऱ्या व तिसऱ्या भागांच्या अंतिम आवृत्तीची मूळ संगणकीय संहिता पूर्णपणे उपलब्ध नव्हती, त्यामुळे अपुऱ्या संहितेवरून काम करावे लागले. परिणामी धुके विरळ झाले आणि त्याने झाकलेल्या जगाच्या कडा उघड्या पडल्या. एखाद्या ग्रंथाची हस्तलिखिते हरवल्यावर संपादकाची जी अवस्था होते, तीच येथे झाली.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कच्या सहकार्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत फेटाळण्यात आली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये १४ व्हिडिओ खेळांची पहिली निवड केली, तेव्हा तिच्यात सर्व्हायव्हल हॉररचा एकही प्रातिनिधिक खेळ नव्हता. काही आशादायक घटनाही आहेत. ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या पहिल्या भागांच्या मूळ आवृत्त्या २०२४ मध्ये संगणकांसाठी पुन्हा विक्रीस आल्या. परंतु असा निर्णय सर्वस्वी हक्कधारक कंपनीच्या व्यापारी हिशेबावर अवलंबून असतो. पुनर्निर्मितीने मूळ कृतीची भरपाई होत नाही. स्थिर कॅमेऱ्यांनी निर्माण केलेले भय समजून घ्यायचे तर स्थिर कॅमेऱ्यांचा मूळ खेळच अभ्यासावा लागतो.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) सर्व्हायव्हल हॉररची प्रमुख लक्षणे यंत्रांच्या मर्यादांतून आकारास आली. स्थिर कॅमेरा, संथ दार व धुके या आरंभी तडजोडी होत्या. पुढे त्याच प्रकाराची शैली ठरल्या.

(२) या प्रकाराचा इतिहास सरळ प्रगतीचा नसून आंदोलनाचा आहे. लोकमान्यता वाढली की खेळाडूचे सामर्थ्य वाढते व भय ओसरते. भय ओसरले की नवा निर्माता पुन्हा तुटवड्याकडे वळतो. १९९६, २०१० आणि २०१७ ही या आंदोलनातील तीन वळणे होत.

(३) या प्रकाराचा प्रभाव खपाच्या आकड्यांहून व्यापक आहे. खांद्यामागील दृष्टी, झोंबीकल्पनेचे पुनरुज्जीवन आणि खेळ पाहण्याची संस्कृती या तिन्ही बाबतीत त्याचे योगदान महत्त्वाचे आहे.

(४) मूळ खेळ जतन न झाल्यास हा इतिहास केवळ आठवणी आणि जाहिराती यांच्या आधारे लिहावा लागेल.

भारतात ग्रंथालये आणि चित्रपट-अभिलेखागार यांचे महत्त्व आपण मान्य केले आहे. माध्यम, साहित्य व इतिहास या विषयांच्या प्राध्यापकांनी व्हिडिओ खेळांकडेही अभ्यास-साधन म्हणून पाहण्यास आरंभ केला, तर जतनाच्या मागणीला विद्यापीठीय बळ मिळू शकेल. ज्या खेळांनी एका पिढीला अंधारात सावधपणे पाऊल टाकायला शिकवले, त्या खेळांचा अभ्यास त्यांच्या मूळ रूपातच व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.